उपासनेचा क्रम

शाळेच्या उपासनेत या खेपेस ‘नवजीवन व आरोग्य’ हा विषय ठरला व तिचा क्रम आखण्याचे काम मजकडे आले. रेव्हरंड टिळकांची गीते निवडली, मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याचा पाठ घेतला, आणि रोग्यांकरिता एक लांबलचक प्रार्थना लिहिली. तिजवर मी बराच खूष होतो.

त्याच आठवड्यात मुलांसह सेवाग्रामास जाणे झाले. तेथे परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री महारोगाने जर्जर होऊन १९३९ साली आश्रमात आले. गांधीजींनी त्यांस ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांच्या अंगास मालीश केले. कुटीपुढे एका मुलाने विचारले, “सर, प्रभूने त्या रोग्यास आधी शुद्ध केले, की आधी स्पर्श केला?”

“आधी स्पर्श,” मी म्हणालो. पण जीभ अडखळली. एकदा मंदिराच्या पायरीवर अशाच एका मनुष्याने हात पसरला असता मी नाणे वरूनच टाकले. ते घरंगळले. झडलेल्या बोटांनी तो ते चाचपीत राहिला, आणि उपासनेस उशीर होईल म्हणून मी आत गेलो.

घरी येताच प्रार्थनेचा कागद फाडला. क्रमात आता प्रथम पापांगीकार घातला आहे. तो मीच चालविणार.