विहिरीकाठचे पीस

पारवा ओळखायला पक्षितज्ज्ञ लागत नाही, असे आपण सारेच समजतो. चर्चच्या मनोऱ्यात, रेल्वे स्थानकाच्या छपराखाली, जुन्या वाड्याच्या कोनाड्यात तो असतोच. आणि असतोच म्हणून त्याच्याकडे कोणी पाहात नाही. पण पक्षी समोर नसता केवळ एका पिसावरून त्याचे नाव सांगा म्हटले, की भल्याभल्यांची पंचाईत होते.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे एका शेतकरी स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो. त्यांच्या शिवारातील जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवण्याचे घाटत होते. घरात लहान मुले. तेव्हा विचार रास्तच होता. अशात त्यांच्या नातीला विहिरीच्या कठड्यापाशी एक पीस सापडले. आजोबा म्हणाले शिकऱ्याचे, आजी म्हणाल्या होल्याचे.

पीस राखी रंगाचे होते, वीतभराहून आखूड, आणि टोकाशी एकच रुंद काळसर पट्टा. शिकऱ्याच्या शेपटीच्या पिसावर एकाखाली एक असे अनेक आडवे पट्टे असतात. होल्याच्या शेपटीच्या कडेच्या पिसांची टोके पांढरी असतात. या पिसाच्या मात्र एका बाजूच्या कडेला पांढरी रेघ होती. पारव्याच्या शेपटीत बारा पिसे असतात व अशी रेघ सर्वांत बाहेरच्या पिसालाच असते. पीस चोळताच बोटांना पिठासारखी भुकटी लागली. पारव्याच्या अंगावर ती इतकी असते, की तो काचेवर आपटला तर त्याचा पांढरा ठसा उमटून राहतो. पारवाच, यात संशय उरला नाही. (होला आणि पारवा हे वेगळे पक्षी, हे आपल्या मराठी बायबलनेही जपले आहे, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या प्रसंगी दोघांचीही नावे येतात.) तो रानटी की कोणाचा पाळीव, हे मात्र पीस सांगू शकत नाही, कारण पाळीव कबूतर मूळचे पारव्याच्याच वंशातले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्या मुलीने गवतातून आणखी एक पीस आणले. बोटाच्या पेराएवढे, बुडाशी मेणचट नळीत अर्धे मिटलेले, आणि टोकाला केसासारखी पिवळी लव. ही लव पारव्याच्या पिलाच्या अंगावर असते. पिलाचे पीस असे आपोआप गळत नाही. मांजराने वा कावळ्याने एखादे ओढून नेले असावे. तेव्हा विहिरीत घरटे होते. पारवा बहुधा दोनच अंडी घालतो. म्हणजे दुसरे पिलू अजून कपारीत असण्याचा संभव होता, आणि जाळी पडली तर आईबापांची वाट बंद.

मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा किती कडाक्याचे वाद झाले, हे वाचकांस स्मरत असेल. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांना अपाय होतो, हे खरेच आहे. आम्हीही मुलीला साबणाने हात धुवायला लावले. पण भरवस्तीत दाणे टाकून वाढवलेले थवे निराळे आणि शिवारातल्या विहिरीच्या कपारीतले एक घरटे निराळे. कडेकपार हेच तर या पक्ष्याचे मूळ घर.

पिलू साधारण महिन्याभरात उडते. आजोबांनी हिशेब केला, जाळीवाल्याला पाच आठवड्यांनी या म्हणून निरोप धाडला, आणि तोवर मुलांसाठी विहिरीभोवती बोराटीचे दाट कुंपण घातले.