परतीची तार

जुन्या गाडीची आणि वयस्क माणसाची एक सोय असते. काही बिघडलं की वयावर ढकलता येतं. बाबांनी तेच केलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी अंधारात गाडी काढणं बंद केलं. रस्ता मध्येच उजळतो, मध्येच अंधारतो, असं त्यांना दिसायचं. वय ७४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. डोळे गेले, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

दिवाळीत रत्नागिरीला गेलो तेव्हा आईकडून हे कळलं. त्याच रात्री त्यांची १९९८ सालची मारुती ८०० मी चालवून पाहिली. दिवे खरोखरच लुकलुकत होते.

दिवे कधी आणि कसे लुकलुकतात, यावरून दोष कुठे शोधायचा ते कळतं. एकच दिवा फडफडत असेल तर त्याचा होल्डर किंवा त्याची वायर बघायची. खड्ड्यातच होत असेल तर एखादा जोड सैल असतो. इंजिन नुसतं चालू असताना सगळे मंद आणि रेस दिल्यावर उजळ होत असतील, तर पट्टा किंवा अल्टरनेटर. गॅरेजात त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. आमच्याकडे दोन्ही हेडलाइट आणि डॅशबोर्डचे दिवे एकदमच थरथरत होते, तेही इंडिकेटरच्या तालावर. म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर होता.

गॅरेजवाल्याने नुसतं ऐकूनच डायनॅमो बदलायला सांगितला. त्याआधी मी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे डायनॅमो ठणठणीत. हेडलाइटच्या कनेक्टरवर मात्र १२ पेक्षा कमी. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. मग दिवे चालूच ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. तिथे ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले १.८.

गाडीतल्या बहुतेक दिव्यांना बॅटरीकडे परत जाणारी वेगळी लांब वायर नसते. करंट पत्र्यातून परततो आणि एका जाड अर्थिंगच्या वायरने बॅटरीला मिळतो. आमची ती वायर वरून घट्ट दिसत होती. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं, मग वायरचा बोल्ट काढला. खाली नुसता गंज. खाऱ्या हवेत पंचवीसेक वर्षं काढल्यावर पत्र्याचं दुसरं काय होणार? पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी वायर लावली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं तर ०.०८. खर्च पाचशेच्या आत.

त्या रात्री बाबा भाट्याच्या पुलावरून गाडी घेऊन जाऊन आले. मी शेजारी होतो. परतल्यावर म्हणाले, "रस्ता स्थिर आहे आता. पण समोरून गाडी आली की दिवा फुटल्यासारखा पसरतो. तेवढं मात्र माझं."

मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. इतके महिने सगळंच वयाच्या खात्यावर जमा होतं. गाडीचा हिस्सा वजा केल्यावर जे उरलं, ते डॉक्टरांना नेमकं सांगता येण्यासारखं होतं. त्यांनी स्वतःच फोन करून वेळ घेतली. मोतीबिंदू काढल्यावर काही वर्षांनी कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा धूसर होऊ शकतो. तोच झाला होता. त्यावर लेझरचा इलाज आहे, काही मिनिटांचा.

उजव्या डोळ्याचं गेल्या आठवड्यात झालं. डावा पुढच्या महिन्यात. तोवर रात्री गाडी काढायची नाही, हे त्यांनीच ठरवलंय.