जातीला जन्मतारीख आहे

"जात काय आजची आहे का? ती पहिल्यापासूनच आहे."

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. कधी पारावर, कधी कॉलेजच्या कट्ट्यावर, कधी व्हॉट्सअॅपवर. बोलणारा प्रत्येक वेळी वाईट हेतूनेच बोलतो असे नाही. कधी कधी आपलेच थकलेले म्हातारे माणूसही तसे बोलते. पण परिणाम एकच होतो. जे पहिल्यापासून आहे ते निसर्गाचे, आणि जे निसर्गाचे ते बदलता येत नाही, असे ऐकणाऱ्याच्या मनात बसते. म्हणून उलट प्रश्न विचारायला हवा: पहिल्यापासून म्हणजे नेमके कधीपासून?

मला या प्रश्नाचे उत्तर प्रथम चळवळीच्या पुस्तकात मिळाले नाही. ते मिळाले पाचवीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात.

पुस्तक अर्ध्या किमतीत घेतलेले होते, वरच्या वर्गातल्या मुलाचे. त्यात आदिमानवाचा धडा होता. झाडावरून जमिनीवर आलेला, दोन पायांवर ताठ उभा राहिलेला, दगडाची हत्यारे घडवणारा, आग सांभाळणारा माणूस. एका चित्रात शेकोटीभोवती दहाबारा जण बसून मांस भाजत होते. मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिले. आमच्या गावात लग्नाच्या जेवणावळीत आमची पंगत सगळ्यांत शेवटी आणि बाजूला बसायची. या चित्रात बाजूला कुणीच बसलेले नव्हते. मी वर्गात विचारले, "सर, यांच्यात आपले लोक कोणते?" सर हसले. म्हणाले, "अरे, तेव्हा कुठली आली जात?" आणि पान उलटून पुढच्या धड्याकडे गेले.

हेच सर आम्हाला पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. ओंजळीत वरून पाणी ओतले जायचे. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षातही आले नसेल. मी मात्र ते वाक्य दप्तरात घालून घरी नेले.

पुढे कॉलेजात आकडे हाती आले. इथिओपियात हदर येथे 1974 साली सापडलेली 'लुसी' सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला मिळालेली दगडी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची. आपल्या जातीचा, म्हणजे होमो सेपियन या एकमेव खऱ्या जातीचा, माणूस सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत दिसू लागतो. शेती सुरू होऊन दहाबारा हजार वर्षे झाली.

आता हिशेब करा. ही 3 लाख वर्षे म्हणजे 24 तासांचा एक दिवस धरला, तर 2000 वर्षे म्हणजे जेमतेम दहा मिनिटे होतात. अस्पृश्यता साधारण इ. स. 400 च्या सुमारास आली, असे बाबासाहेबांनी 1948 सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले. आपल्या घड्याळात ती आठ मिनिटांपेक्षाही कमी भरते. ज्याला 'पहिल्यापासून' म्हणतात, ते रात्री पावणेबारानंतर घडलेले आहे.

1916 साली कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञांच्या चर्चासत्रात, 25 वर्षांच्या भीमरावांनी जातीवर निबंध वाचला. जातीचे मर्म जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि त्यानंतर हे मिसळणे आटले. म्हणजे दार आधी उघडे होते. ते नंतर कुणीतरी बंद केले.

म्हणूनच हा धडा काहींना खुपतो. जानेवारी 2018 मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीरपणे सांगितले. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. दहावीनंतर विज्ञान सुटणारी मुले कोणाच्या घरची असतात, ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या हातून डार्विन गेला, की माणूस मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून जन्मला ही कथा प्रश्नाविना उरते.

पण मित्रहो, हे शास्त्र आपल्यालाही काही सुनावते. 'आम्हीच इथले मूळ, बाकीचे परके' या घोषणेला ते साथ देत नाही. सगळ्यांचेच पूर्वज आफ्रिकेतून आले आणि सगळ्यांचेच रक्त मिसळलेले आहे. बाबासाहेबांनीही नाकाच्या मापांचे आकडे तपासून अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत फेटाळला होता. समतेचा आपला हक्क आधी कोण आले यावर उभा नाही. तो आपण माणूस आहोत यावर उभा आहे.

आणि आदिमकाळ म्हणजे सुवर्णयुग होते असेही समजू नये. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुने, पाच खोल्यांचे मोठे घर सापडले. शेजारी धान्याचे कोठार होते. ते घर गावप्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात. लहानमोठेपणा जातीच्या आधीही होता. पण मोठ्या घरात जन्मलेला मोठा असणे वेगळे, आणि कुणाची सावलीही विटाळ मानणे वेगळे. दुसरी गोष्ट धर्माची मोहोर लावून घडवावी लागली. तशीच समताही आपोआप येत नाही. ती संविधानात लिहावी लागली आणि रोज अमलात आणावी लागते.

म्हणून एक काम सुचवतो. आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत पाचवीचे इतिहासाचे पुस्तक ठेवा. आदिमानवाचा धडा परीक्षेपुरता न उरकता मुलांसोबत बसून वाचा. घड्याळाचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. मग उद्या कुणी त्यांना 'पहिल्यापासून असेच आहे' म्हणाले, तर ती तारीख विचारतील. आणि ज्याला सुरुवातीची तारीख असते, त्याच्या शेवटाची तारीखही ठरवता येते.

जय भीम!