आज किती फूट?

मुलांनो, पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या तुमच्या गावात लोक एकमेकांना काय विचारतात? ‘चहा झाला का?’ असंच ना? आमच्या कोल्हापुरात जुलै उजाडला की हा प्रश्न बदलतो. दूधवाले, रिक्षावाले काका, शेजारच्या आजी, सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘आज किती फूट?’

फूट कशाचे? तर आमच्या पंचगंगेच्या पाण्याचे! कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. तिथं नदीच्या पाण्याची उंची मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही वर. (जुनी माणसं मात्र फूट विचारत नाहीत. ती शिवाजी पुलाकडं बघून ‘मच्छिंद्री झाली का?’ असं विचारतात!)

माझ्या चौथीच्या वर्गात एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, ४३ फूट म्हणजे आपली शाळा बुडणार?” तसं नाही हं. ही उंची बंधाऱ्याजवळची, आपल्या अंगणातली नव्हे. पण ४३ च्या पुढं गेलं की सुतारमळ्यासारख्या नदीकाठच्या सखल भागांत घरांत पाणी शिरायला लागतं. मग तिथल्या माणसांना बाहेर कोण काढतं? हे बघायला आम्ही वर्गच घेऊन निघालो अग्निशमन केंद्रात. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता आणि पाऊस अजून रिमझिमच होता.

आत शिरताच मुलं लाल बंबाकडं धावली. पण आम्हांला केंद्र दाखवणारे काका म्हणाले, “बंब राहू दे पोरांनो. आज तिकडं बघा.” तिकडं काय होतं? पाण्यानं भरलेलं एक पिंप आणि त्यात बोटीचं इंजिन बुडवून ठेवलेलं! काकांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन फुर्रर्र झालं आणि पिंपातलं पाणी पुढच्या रांगेच्या अंगावर उडालं. मुलं खूष!

“पिंपात कशाला?” एकानं विचारलं. कारण हे इंजिन बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. कोरड्यात चालवलं तर तापून बिघडतं. आणि नेमकं पुरात बंद पडलं तर? म्हणून पावसाळ्याआधीच प्रत्येक इंजिन असं चालवून बघायचं. रबरी बोटी हवा भरून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडल्यात का ते दाबून बघायचं. दोरखंड हाताहातानं तपासायचा, एकही धागा तुटलेला चालत नाही. झाडं कापायची करवत, पाणी उपसायचे पंप, बॅटऱ्या, सगळं काढून, पुसून, पुन्हा जागच्या जागी. काका म्हणाले, “आग सांगून येत नाही. पूर मात्र सांगून येतोय. मग आपण तयार नको?”

सांगून येतो म्हणजे कसा, ते ऐका. भोगावती नदीवर राधानगरीचं धरण आहे, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. एका दरवाज्यातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी बाहेर पडतं. समोरच्या बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी मावतं. मुलांनी फरशीवर खडूनं भागाकार केला. एका सेकंदात जवळजवळ नऊ बंब! आणि हे फक्त एका दरवाज्याचं. ते पाणी शहराजवळ यायला काही तास लागतात. जवानांना आणि काठच्या लोकांना हेच तास हाताशी असतात. बातमी आली की जवान गल्लीगल्लीतून फिरतात, भोंग्यावरून सांगतात, ‘घरं सोडा, निवारा केंद्रात चला.’

“आणि लोक निघतात?” मी विचारलं.

काका हसले. “बाई, तीच तर गोची. ‘गेल्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं, यंदा बघू’ म्हणतात. एका आजी म्हशीला सोडून यायला तयार नव्हत्या. संध्याकाळी पाणी गुडघ्याला होतं तेव्हा चालत आल्या असत्या, म्हैसही आली असती. पहाटे त्यांना माळ्यावरून उतरवलं, बोटीतून.”

“आणि म्हैस?”

“दावं कापलं होतं आजीनं. पोहत गेली टेकाडावर. सापडली नंतर.” सगळ्या वर्गानं हुश्श केलं.

बोट चालवणं आपल्याला गंमत वाटते. पण पुरात गल्लीत बोट घालायची म्हणजे पाण्याखाली काय काय असतं! मोटारसायकली, कुंपणाच्या तारा, वाहून आलेले कपडे. इंजिनाच्या पंख्यात एखादी साडी अडकली की बोट जागच्या जागी फिरते. म्हणून घरांजवळ आलं की इंजिन बंद करून वल्ह्यानं, बांबूनं ढकलत जायचं.

मग काकांनी एका मुलाला लाइफ जॅकेट घातलं. पुढचे पट्टे आवळले, एक पट्टा मांड्यांमधून घेतला. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो. “या बोटीत आम्ही दोघं आणि तुमच्यातले सहा-सात,” काका म्हणाले. “त्याच्यावर एकही नाही.”

“पण मागं आई राहिली असेल तर?” हे विचारणारा मुलगा सुतारमळ्यातला. २०२१ ला तो बोटीतून बाहेर आला होता, तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा.

काका त्याच्यासमोर उकिडवे बसले. २०१९ मध्ये ८ ऑगस्टला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली होती, त्यात बरीच माणसं गेली. बोटीत गर्दी फार झाली होती. हे त्यांनी मुलांना सांगावं की नाही, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी सांगितलं, हळू आवाजात. आणि म्हणाले, “आईसाठी आम्ही परत येतो. दहा खेपा झाल्या तरी येतो. पण पहिली खेप बुडाली तर दुसरी नाही.”

मुलगा म्हणाला, “माझी आई दुसऱ्या खेपेत आली होती.”

पाणी ओसरल्यावरचं कामही आम्ही ऐकलं. पूर गेला की चिखल उरतो, ढोपरभर. तेव्हा हेच बंब रस्ते धुतात. मोठ्या पुराला पुण्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या येतात, त्यांना गल्ल्या दाखवायला इथलेच जवान पुढं असतात. निघताना मुलांनी १०१ नंबर हातावर लिहून घेतला. पेनानं, त्यामुळं घरी जाईपर्यंत पावसानं धुऊनही निघाला!

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होते. सुतारमळ्यातल्या त्या मुलाचं नाव घेतलं.

“हजर बाई,” तो म्हणाला. “सोळा फूट.”