वीस आणि आठ

न्खाता बेला उतरले आणि आधी ओळखीचा भेटला तो वास. मलावी सरोवराच्या काठावर मचाणांवर उसिपा वाळत घातला होता, बोटाएवढे रुपेरी मासे. उरणच्या मुलीला सुकटीचा वास कुणी सांगावा! पण या वासात मीठच नव्हतं. समोर लाटा उठत होत्या, तोंडावर पाणी मारलं तर गोडं. दर्या असून दर्या नाही, याची सवय व्हायला मला महिना लागला.

स्वयंसेवक म्हणून शाळेत गणित शिकवायला गेले होते. ६ जुलै जवळ आला तशी मुलं बेरजा सोडून मैदानाकडे बघायला लागली. १९६४ साली याच दिवशी इंग्रजांचं न्यासालँड गेलं आणि मलावी आलं.

जुलै म्हणजे तिथली थंडी. सकाळी स्वेटर घालून पोचले, तर मला मांडवात खुर्ची ठेवलेली. पाहुणी ना! झेंडा चढला. काळा पट्टा, त्यावर उगवता लाल सूर्य, मधे लाल, खाली हिरवा. मग मालिपेंगावाले आले. पांढरे कपडे, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात भोपळ्याचे कर्णे. कर्ण्याच्या भोकावर कोळ्याच्या जाळ्याचा पापुद्रा बसवतात, म्हणून त्यातून गुणगुणल्यासारखा सूर निघतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत राबून आलेल्यांनी कवायत गावी आणली आणि तिचा नाच केला. साहेबाची ऐट, पण कमरेत लचक. त्यात एकाचं पाऊल सारखं चुकत होतं. आमच्या शाळेच्या लेझीम पथकात ते काम माझ्याकडे होतं. खुर्ची सोडून मी उन्हात जाऊन उभी राहिले, त्याच्यासाठी म्हणा हवं तर.

तिथे शेजारी एक म्हातारी होती. अंगावर चितेंजे घट्ट गुंडाळलेलं, कपाळापर्यंत रुमाल. अगोगो, म्हणजे आजी. तिने मला निरखलं आणि पहिला प्रश्न टाकला, ‘‘तुझं दुकान कसलं?’’ त्या भागात भारतीय म्हटला की तो गल्ल्यामागेच बसलेला असणार. दुकान नाही, शाळेत शिकवते म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. सोबतच्या शिक्षिकेने दुभाषीपण केलं, तिला दोनदा समजवावं लागलं.

कार्यक्रम उरकला तेव्हा आजी आम्हाला धक्क्यावर घेऊन गेली. ३ मार्च १९५९. सरकारने आणीबाणी पुकारली होती, धरपकड चालू होती. पकडलेल्यांना बोटीने नेणार म्हणून लोक धक्क्यावर जमले, आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीस माणसं गेली. आजी तेव्हा परकरी पोर. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. बोट कुठे लागली होती, माणसं कुठून पळाली, एवढं हाताने दाखवत राहिली. झेंड्यातला लाल रंग कुणाचा, हे मुलांकडून पाठ करून घ्यायचं काम शाळेचं. तिला ते लागत नव्हतं.

मग म्हणाली, ‘‘तुमच्याकडे?’’

जालियनवाला माझ्या जिभेवर आलं. पण ते लांबचं, पुस्तकातलं. उरणजवळचं चिरनेर आठवलं. १९३० चा जंगल सत्याग्रह, २५ सप्टेंबरचा गोळीबार. शाळेची सहल गेली होती तिथे, डबे खाल्ले होते. ‘‘आठ,’’ मी म्हटलं.

‘‘नावं?’’

मला एकही येईना. शिक्षिकेने हा शब्द भाषांतरित करायची गरज नव्हती, तरी तिने केला.

रात्री फोन लागला तेव्हा घरी मध्यरात्र उलटून गेली होती. बाबा झोपेतून उठले. तीन नावं त्यांना आठवली, चौथ्याला अडले. म्हणाले, ‘‘थांब गो. सकाळी एसटीने जाऊन स्मारकावरची वाचून येतो. त्या आजीबाईंना सांग, नावं लिहिलेली आहेत म्हणावं.’’