जामीनदाराचं इंजिन

डिझेल इंजिनाशी माझा संबंध फळ्यापुरता होता. विज्ञानाच्या तासाला मी पांढऱ्या खडूने सिलिंडर काढायचो, लाल खडूने पिस्टन काढायचो आणि चारही स्ट्रोकांची नावं मुलांकडून मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणवून घ्यायचो. माझं हे इंजिन दहा वर्षांत एकदाही बिघडलं नाही. कारण ते कधी चालूच झालं नव्हतं.

१९८४ सालच्या मार्चमधल्या एका रविवारी आमचे दाजी गावाकडून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, ट्रक घ्यायचं ठरलंय."

दाजींनी तोवर बैलगाडीखेरीज दुसरं वाहन हाकलं नव्हतं. पण हिशेब त्यांचा पक्का होता. कोल्हापूरचा गूळ अहमदाबादेला जातो, वाट नऊशे किलोमीटरच्या आसपास, येताना दुसरा माल मिळतो. नवा ट्रक झेपणारा नव्हता, तेव्हा जुना बघायचा. आक्काच्या पाटल्या गहाण ठेवायच्या आणि उरलेले पैसे बँकेकडून काढायचे.

"बँकेला जामीन कोण?" मी विचारलं.

दाजींनी माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की उत्तराची गरज उरली नाही. "आन् इंजीन बी तुम्हीच बघायचं," ते म्हणाले, "पोरास्नी शिकिवताय न्हवं तुम्ही?"

जामिनाचा कागद हा मोठा चमत्कारिक कागद आहे. त्यावर सही करेपर्यंत मला रस्त्यावरचे सगळे ट्रक सारखेच दिसत. सही झाली आणि वर्गात शिकवताना बाहेर एखादा ट्रक खोकला तरी माझ्या छातीत कळ यायला लागली. पगार माझा, पाटल्या आक्काच्या आणि दोन्हींचं भवितव्य सहा सिलिंडरांच्या हाती!

सल्ला घ्यायला पानपट्टीवर गेलो, तर तिथं दोन पक्ष. एक टाटावाल्यांचा, दुसरा लेलँडवाल्यांचा. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून ट्रक काढले. १९५५ साली मद्रासच्या अशोक मोटर्सनं इंग्लंडच्या लेलँडचा हात धरला. म्हणजे भांडण मुळात जर्मनांचं आणि इंग्रजांचं. दोन महायुद्धांत जे मिटलं नाही, ते आमच्या पानपट्टीवर कुठलं मिटायला?

मात्र आकडे ऐकून मी सुखावलो. टाटांचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. लेलँडचं ३७० म्हणजे आकारमान ३७० घन इंच. मी तिथंच घन इंचांचे लिटर करून दाखवले, सहा आणि वर थोडे.

"बरोबर हाय मास्तर," एक ड्रायव्हर म्हणाला, "आन् लिटरला किलोमीटर किती?"

ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

शेवटी दाजींनी एक म्हातारे मिस्त्री गाठले आणि आमची वरात जुन्या गाड्यांच्या बाजारात निघाली. पहिलाच ट्रक बघून दाजी विरघळले. ताजा रंग, मागं मोर, पुढं लिंबू-मिरची. किल्ली फिरवायचा अवकाश, इंजिन सुरू! मी लगेच माझा धडा सुरू केला, "डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा सोडला की आपोआप..."

मिस्त्रींनी तोवर इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून पाहिला होता. "सक्काळी सक्काळी गरम हाय," ते मालकाला म्हणाले. "कुणासाठी तापवून ठिवलंय?"

थंड इंजिन एका दमात सुरू होतं का, हीच खरी परीक्षा. दाब गळत असेल, तर थंडीत ते कुरकुरतं. म्हणून बेरकी मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवतो. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीला आधीच पावडर लावून बसवतात, तसलाच प्रकार. वर मागून निळसर धूर येत होता.

"मास्तर, निळा धूर म्हंजे काय?" मिस्त्रींनी तोंडी परीक्षा घेतली.

मी पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"आयल जळतंय. रिंगा गेल्यात. काळा आला तर डिझेल जास्ती, नायतर हवा कमी. पांढरा आला तर डिझेल न जळताच भायेर पडतंय, नायतर पाणी शिरलंय." तीन वाक्यांत मिस्त्रींनी माझा अख्खा फळा पुसून टाकला.

दुसरा ट्रक लष्कराच्या लिलावातला. परदेशी इंजिन, आवाज असा की दाजींचा ऊर अभिमानानं भरून आला. थंडगार असूनही झटक्यात सुरू झालं, धूरही नाही. मी मनातल्या मनात पहिला हप्ता भरून टाकला.

"इंजीन सोन्यासारखं हाय," मिस्त्री म्हणाले. "पर रातच्याला दोन वाजता वापीच्या पुढं बंद पडलं, तर ह्याचं नॉझल कुठं मिळंल?"

मालक गप्प झाला.

तिसरा ट्रक दिसायला अगदीच दरिद्री होता. रंग उडालेला, एक दार दोरीनं बांधलेलं. मिस्त्रींनी तो थंड असताना सुरू केला. त्यानं एकदा काळा उसासा टाकला आणि मग निमूटपणे चालू लागला. मिस्त्रींनी आयल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलं. पिस्टनच्या बाजूनं दाब गळत असेल, तर ते झाकण नाचतं म्हणे. झाकण जागच्या जागी बसून राहिलं, तासाला बसलेल्या गुणी मुलासारखं.

"ह्यो घ्या," मिस्त्री म्हणाले. "ह्याचा सामान किराणा दुकानात सोडून सगळीकडं मिळतोय."

तो ट्रक टाटा होता की लेलँड, हे मी सांगणार नाही. दोन्ही पक्षांचे लोक अजून आमच्या गल्लीत राहतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मीही एका खेपेला गेलो. जामीनदाराला घरी झोप लागत नाही, तेव्हा केबिनमध्ये तरी लागेल, असा विचार. खंबाटकी, कात्रज, खंडाळा असे तीन घाट त्या म्हाताऱ्या इंजिनानं एकेक पायरी चढावी तसे पार केले. आणि नेमकं वापीच्या पुढं, रात्री एक वाजता, दोन उचक्या देऊन ते गप्प झालं.

आकाशात वळवाचे ढग. टपावर दोन ठिकाणी भोक पडलेली ताडपत्री. खाली गुळाच्या ढेपी. गूळ आणि पाणी यांचं सख्य आपल्याला चहात आवडतं, ट्रकमध्ये नाही. वीज चमकली की मला अंधारात आक्काचे मोकळे हात दिसत.

ड्रायव्हरनं जवळच्या धाब्यामागून एका फिटरला उठवून आणलं. त्याला मराठी येत नव्हतं, मला गुजराती. पण इंजिनाची भाषा दोघांकडे होती, म्हणजे त्याच्याकडे आणि ड्रायव्हरकडे. डिझेलची नळी चिरली होती, लाइनमध्ये हवा शिरली होती. फिटरनं टपरीतल्या खिळ्याला टांगलेल्या नळ्यांतली एक काढली, बसवली, पंपाचा स्क्रू सैल केला आणि हातानं पंप मारत बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली. तासाभरात इंजिन सुरू. मी काय केलं? बॅटरी धरली. तीही दोनदा चुकीच्या ठिकाणी.

पहिले थेंब पडले, तेव्हा आम्ही चाळीसच्या वेगानं त्यांच्यापासून पळत होतो. त्या रात्री मला मिस्त्रींचं बोलणं उमगलं. कधीच न बिघडणारं इंजिन फक्त माझ्या फळ्यावर असतं. भरवशाचं इंजिन म्हणजे जिथं बिघडेल तिथं दुरुस्त होणारं. बहुधा माणसांचंही असंच असावं.

१९८८ साली कर्ज फिटलं. पाटल्या हातात चढल्या, त्या दिवशी आक्कानं ट्रकला ओवाळलं. जामीनदार शेजारीच उभा होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता भाचा ट्रक चालवतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम आहेत. इंजिनाला संगणक, धुराला गाळणी आणि धूर स्वच्छ करायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. युरिया संपला तर इंजिन ताकद कमी करतं. आम्ही युरिया उसाला घालत होतो, आता ट्रकलाही लागतो!

परवा भाचा नव्या गाड्यांची चित्रं मोबाइलवर दाखवत विचारत होता, "मामा, कुठली घेऊ?"

मी चष्मा पुसला आणि अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "रात्री दोनला वापीच्या पुढं बंद पडली तर येणार कोण, ते आधी विचार."

भाच्यानं तेवढंच लिहून घेतलं. मी जामिनाच्या फॉर्मसाठी खिशातलं पेन काढलं.

"नको मामा," तो म्हणाला. "बँकेला आता तुमचं मॉडेल चालत नाही."