बैल चढतो तिथे सायकल चढते

सुरतेहून भुसावळकडे निघालेली पॅसेंजर नवापूरला थांबते तेव्हा तिचे काही डबे गुजरातेत उभे असतात आणि काही महाराष्ट्रात. दोन राज्यांची हद्द या स्टेशनातूनच जाते. हौशी प्रवासी तिथल्या बाकावर फोटो काढून घेतात, गाडी हलते आणि पुढे नंदुरबारच्या दिशेने चिंचपाडा येतं. स्टेशन लहान, गाडीचा थांबाही लहान. चाकं काढून पिशवीत बांधलेली सायकल घेऊन कुणी इथे उतरलं, तर फलाटावरच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गियरची आहे का?" दुसरा प्रश्न किमतीचा.

डोंगरात सायकल चालवायची म्हणून नंदुरबार जिल्ह्यात येणारे बहुतेक जण तोरणमाळ गाठतात. सातपुड्यातलं ते पठार अकराशे मीटरहून उंच आहे, घाटाची वळणं देखणी आहेत. पण तो डांबरी रस्त्याचा आनंद. डांबर सोडून मातीला लागायचं असेल, तर नवापूर तालुक्यातल्या बुटक्या टेकड्या आणि सागाची जंगलं जास्त गोडीची आहेत. इथे आखलेली 'ट्रेल' नाही, दिशा दाखवणारा बाण नाही, सायकल भाड्याने देणारं दुकान नाही. वाटा मात्र ढिगाने आहेत, कारण इथल्या माणसांना त्या रोज लागतात.

डोंगरात चालणाऱ्या सायकलचा जन्मही अशाच कामाच्या वाटेवर झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात कच्चे रस्ते काढले होते. १९७६ साली तिथल्या काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली घेऊन अशाच एका उतारावर शर्यत लावली. मागच्या ब्रेकमधलं ग्रीस उष्णतेने जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकलची चौकट बनवली. आज जगभर माउंटन बाइक म्हणून विकली जाते ती याच घराण्यातली.

चिंचपाड्याच्या आसपास मरीनच्या त्या कच्च्या रस्त्यांना जोड आहे जाळरेषेची. वणवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून वनविभाग जंगलात पट्टे साफ करतो, वाळलेलं गवत आणि पालापाचोळा काढतो किंवा जाळतो. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो, त्यामुळे ही कामं त्याआधी उरकायची असतात. वणव्याचं एक कारण मोहाच्या झाडाखाली सापडतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, टोपल्या घेऊन बायका-पोरं ती वेचायला निघतात. सागाची पानंही त्याच सुमारास जमिनीवर पडलेली असतात, एकेक पान सुपाएवढं. त्यात फुलं दिसावीत कशी? म्हणून झाडाखाली आग लावून जागा मोकळी करण्याची जुनी रीत आहे. ती आग कधीकधी हाताबाहेर जाते. सायकलवाल्याला सपाट, मोकळी जाळरेषा मिळते तिच्यामागे हे सगळं असतं. झाडोरा छाटल्यावर उरलेले टोकदार खुंटही असतात आणि ते टायरला दयामाया दाखवत नाहीत.

दुसरी वाट गाडवाट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात ती तुटक रेघेने दाखवतात, पायवाट ठिपक्यांनी. उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरवर असतात. त्या गाडवाटेला दाटीने कापत असतील तर चढ खडा समजायचा. पण बैलगाडी फार खड्या चढावर जातच नाही. ओझ्यासकट बैल जिथे चढतो, तिथे सायकल चढते. पायवाटेचा असा भरवसा नाही. "दादा, ही वाट पलीकडच्या पाड्याला निघते का?" असं विचारलं की "निघते की" असंच उत्तर येतं. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा: "गाडी जाते का?" त्यावर समोरचा हसला, तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवावी.

या भागातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या आजकालच्या नाहीत. सुरत बंदरातला माल बुऱ्हाणपूरकडे जायचा तो याच पट्ट्यातून. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर थॉमस रो सुरतेहून निघाला आणि नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला पोहोचला. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने तर नवापूरची आठवण तपशिलाने लिहून ठेवली आहे. गाव विणकरांचं, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजल्यावर शुभ्र, वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले उमराव हाच तांदूळ खातात आणि इराणात कुणाला भेट द्यायची तर याचं पोतं न्यावं, असं त्याचं म्हणणं. जिल्ह्याच्या पूर्व भागापेक्षा इथे पाऊस जास्त, त्यामुळे भाताची खाचरं आजही दिसतात. खाचराचा बांध अरुंद असतो, त्यावर सायकल घालण्याचा मोह मात्र आवरावा. बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

मग आलं लाकूड. तालुक्याला लागून असलेल्या डांगातल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ साली जंगलं पट्ट्याने घेतली, कारण त्यांना साग हवा होता. त्याआधी १८३० मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम फौज घेऊन डांगात उतरला होता. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे अमळनेरपर्यंत पोहोचली आणि जंगलाच्या दारात गाडी आली. ज्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तोड व्हायची, तिथून ओंडके बाहेर काढायला वाट लागायची. कूप बंद पडले तरी अशा वाटा उरतात, आणि चढउतार बेताचा असल्याने सायकलला त्या अगदी मानवतात.

टेकड्यांचा आकारही विचित्र आहे. सपाट माळावर कुणी भिंत घालावी तशा काळ्या दगडाच्या लांब रांगा मध्येच उठतात. दख्खनच्या लाव्हाच्या काळात भेगांतून वर घुसलेला रस आत थिजला. नंतर भोवतालचा खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि नंदुरबार-धुळे पट्टा त्यांच्यासाठी नावाजलेला आहे. साक्री-धुळे-पारोळा ही एकच भिंत ७९ किलोमीटरांची. या भिंती साधारण पूर्व-पश्चिम धावतात. रांगेला समांतर वाट धरली तर मैलोन्‌मैल सुख, आडवी धरली तर लगेच दमछाक. नकाशा वाचायला एवढं ज्ञान पुरतं.

सकाळी लवकर निघणाऱ्याने वर फांद्यांकडेही बघावं. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. ते संपलं असंच धरलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना ते याच जिल्ह्यात, शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. ते दिवसाही हिंडतं, त्यामुळे शोधणाऱ्याला थोडी आशा असते.

पावसाळ्यात इथे येण्यात शहाणपण नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली आणि सरपणी नद्यांना आलेल्या पुराने नवापूर तालुक्यात माणसं दगावली, रस्ते-पूल वाहून गेले. काळी माती चाकात अडकली की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. उन्हाळ्यात ऊन आणि वणवा. राहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ, त्यातही जानेवारीनंतर जाळरेषा ताज्या साफ केलेल्या मिळतात.

राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून आधी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात जाऊन विचारावं. कुठल्या भागात बिबट्याचा वावर आहे हेही तिथेच कळतं. आणि याच जंगलावर २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले आहेत. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई समोर दिसली तर घंटी वाजवू नये. सायकल बाजूला घेऊन उभं राहावं आणि तिला आधी जाऊ द्यावं.